प्रकाशाला कुठे अडवायचं

जोरदार लेसर मारला की इलेक्ट्रॉन पळणारच, असं आमच्या प्रयोगशाळेत येणाऱ्या पाहुण्यांना वाटतं. पळतोही, पण मिळालेली ऊर्जा परत करतो. प्रकाशाचं विद्युतक्षेत्र अर्ध्या लाटेत त्याला ढकलतं आणि उरलेल्या अर्ध्या लाटेत तेवढंच मागे ओढतं. आमच्या नेहमीच्या ८०० नॅनोमीटर लेसरच्या लाटेचा एक फेरा २.७ फेम्टोसेकंदांचा. प्रकाशाच्या बरोबरीनं धावणाऱ्या इलेक्ट्रॉनसाठी तो लांबतो, टळत नाही. निर्वातात, आडकाठीशिवाय, लाट त्याच्यावरून पुरती जाऊ दिली तर हिशेब जवळजवळ शून्यावर येतो. लॉसन आणि वुडवर्ड या ब्रिटिश शास्त्रज्ञांच्या नावाचं प्रमेय हेच सांगतं.

म्हणून आमचं खरं कसब हा व्यवहार नेमका मध्येच मोडण्यात आहे.

२००५ साली स्टॅनफर्डच्या प्रयोगात तो एका फितीनं मोडला. सोन्याचा मुलामा दिलेली, ८ मायक्रॉन जाडीची, कॅप्टॉन या प्लास्टिकची फीत. इलेक्ट्रॉन तिच्यातून आरपार जात, प्रकाश मात्र तिथंच परत फिरे. ३ कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या इलेक्ट्रॉनांत फरक पडला सुमारे ३० हजारांचा, आणि तोही काहींच्या बाजूनं, काहींच्या विरुद्ध. कारण इलेक्ट्रॉनांचा गुच्छ लाटेपेक्षा कितीतरी लांब होता. मला हा प्रयोग फार आवडतो. आकडा किरकोळ, पण भिंत असेल तर प्रकाश निर्वातातही ऊर्जा देऊन जातो, हे त्यानं दाखवलं.

२०१६ मध्ये फ्रान्समधल्या गटानं दुसरं टोक धरलं: लाटेत शिरायचं कुठून? घन पृष्ठभागावर तीव्र लेसर पडला की तिथं क्षणात प्लाझ्माचा आरसा तयार होतो. तो प्रकाश परतवतो आणि प्रकाशाच्या वेगाला जवळजवळ पोचलेले इलेक्ट्रॉन थेट लाटेत सोडतो. ८० मायक्रॉनपेक्षा कमी अंतरात १ कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंत कमाई झाली.

वाचायला सोपं आहे. पण या आरशाची कड लाटेच्या लांबीपेक्षा पुष्कळ धारदार असावी लागते. मुख्य झोताच्या आधी त्याच्या दहा लाखाव्या हिश्श्याएवढा उजेड जरी पुढे घुसला, तरी पृष्ठभाग आधीच उकळून फुगतो आणि सगळं मुसळ केरात. त्यामुळे लेसर चालवणाऱ्याचा बहुतेक वेळ झोत वाढवण्यात जात नाही, त्याच्या आधीचा अंधार राखण्यात जातो. शिवाय चेंबरमधली हवा काढली की धातूच्या भिंती किंचित वाकतात, किरण वळवणारे आरसे हलतात. हवेत तासभर खपून जुळवलेला किरण निर्वातात दुसरीकडेच पडतो. अशा आरशाची सरकती पट्टी ०.१५ मिलिमीटर मागे सरकली की झोत एक पिकोसेकंद उशिरा पोचतो, म्हणजे लाटेचे पावणेचारशे फेरे. मोटरनं फिरणारे आरसे आणि भरपूर चहा, याला दुसरा इलाज नाही. (हातमोज्यांशिवाय आरशाला बोट लावणाऱ्याला चहा मिळत नाही.)

ऊर्जेच्या शर्यतीत आम्ही मागे आहोत. बर्कलीत २०१९ पर्यंत प्लाझ्माच्या लाटेवर २० सेंटिमीटरमध्ये ७८० कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट मिळाले होते. मग निर्वातात कशाला राबायचं? कारण इथं प्रकाश आणि इलेक्ट्रॉन यांच्यात तिसरं कुणी नसतं. जे घडतं त्याचं गणित कागदावर मांडून मोजमापाशी ताडता येतं. पण मोठ्या यंत्राला पर्याय म्हणून ही पद्धत आज उभी नाही, आणि अनुदानाच्या अर्जात तसं लिहिणाऱ्याचा अर्ज मी बाजूला ठेवतो.