परागंदा

ज्यांच्या घरी सनदा असतात त्यांना पूर्वज शोधावे लागत नाहीत. इनामाचा एखादा कागद, वतनाचा जुना तंटा, पेशवे दप्तरातली एखादी ओळ, नाहीतर त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वहीत खापरपणजोबांनी स्वहस्ते घातलेली सही, एवढ्या भांडवलावर कुळवृत्तांत उभा राहतो. पण ज्याच्यामागे भावाभावांत वाटायची थोडीशी भातशेती आणि एक नंबर एवढेच राहिले, त्याला शोधायचे कुठे? हा नंबर जमिनीचाही नव्हे, पलटणीतला.

माझ्या आजीचे वडील असे नंबरवाले शिपाई होते. गाव रत्नागिरी जिल्ह्यातल्या खेड तालुक्यातले. १९१४ साली पलटणीबरोबर ते मुंबईहून बोटीत चढले आणि परत आले नाहीत. आजी तेव्हा पोटात होती. त्यांच्या न येण्याचा अर्थ गावाने आपल्यापुरता लावून टाकला होता : "गेला बसऱ्याला, तिथंच दुसरं घर केलं." बसरा म्हटले की मोती आठवायचे ते दिवस. 'बसऱ्याचा मोती गळ्यात पडल्यावर घरची काळी पोत कोणाला आठवते?' हा विनोद मी लहानपणी त्या गावच्या म्हाताऱ्यांच्या तोंडून ऐकलेला आहे. पणजी कपाळभर कुंकू लावायची. १९५१ साली ती वारली तेव्हा तिला हिरवे लुगडे नेसवून, ओटी भरून, अहेवपणी नेली.

लढाई संपल्यावर सरकारकडून काही बिल्ले आले होते. त्यांतला चांदीचा गोल सोनाराकडे गेला आणि त्याचे आजीला वाळे झाले. पितळी रंगाच्या बिल्ल्यांना सोनार काही देईना, म्हणून ते पेटीच्या तळाशी राहिले. पण त्यांच्यामागून एक मोठी थोरली चकती आली होती, नैवेद्याच्या वाटीखाली ठेवावी एवढी. तिच्यावर एक बाई उभी आणि तिच्या पायांशी सिंह. सिंहवाली बाई म्हणजे देवीच. पणजीने ती देव्हाऱ्यात ठेवली. तिच्यानंतर आजीने. आजीच्या देव्हाऱ्यात बाळकृष्ण, अन्नपूर्णा आणि ही सिंहवाली अशा तिघांना रोज हळदकुंकू वाहिले जाई. वर्षानुवर्षांच्या तेलाकुंकवाने तिचा नुसता एक तांबडा गोळा झाला होता, आणि देवाला खरवडून पाहायची आमच्या घरी रीत नव्हती.

आजी गेल्यावर देव्हारा माझ्याकडे आला. दसऱ्याच्या आधी देव घासायला घेतले. चिंचेच्या कोळाने पुटे सुटू लागली तशी कडेची अक्षरे वर आली. इंग्रजी. आणि एका चौकटीत, उठावाच्या अक्षरांत, पणजोबांचे नाव.

ती देवी ब्रिटानिया होती. पहिल्या महायुद्धात मेलेल्या प्रत्येकाच्या वारसाला ब्रिटिश सरकारने अशी काशाची चकती पाठवली होती. अशा तेरा लाखांहून अधिक घडवल्या गेल्या. हा मनुष्य स्वातंत्र्य आणि सन्मान यांसाठी मरण पावला, असा तिच्यावरच्या मजकुराचा अर्थ. नावापुढे हुद्दा नाही, कारण मरणात सेनापती आणि शिपाई सारखे असे दाखवायचे होते. म्हणजे जवळजवळ ऐंशी वर्षे आमच्या घरात ब्रिटिश साम्राज्याला रोज हळदकुंकू मिळत होते, याचे प्रथम मला हसू आले. मग ध्यानात आले की ही चकती जिवंत माणसाच्या घरी येत नाही. गावाने ज्याचे बसऱ्यात घर करून दिले होते, त्याच्या मरणाचा दाखला त्याच्याच देव्हाऱ्यात कुंकवाखाली पडून होता.

तिथून माझा शोध सुरू झाला. पेटीतल्या तारेच्या आकाराच्या बिल्ल्यामागे नंबर, नाव आणि '११७ मराठा' असे ठोकलेले सापडले. हा नंबर फार मोलाचा. कारण एकाच पलटणीत एकाच नावाचे चारचार शिपाई असत आणि इंग्रज कारकुनाने एकच नाव तीन तऱ्हांनी लिहिलेले असे. पंजाबातल्या लोकांचे नशीब बरे. तिथल्या गावोगावच्या सैनिकांची नोंदबुके लाहोरच्या संग्रहालयात टिकली, आणि त्यांतली सुमारे ३,२०,००० माणसे आता शोधता येतात. कोकणासाठी तसे काही माझ्या हाती आले नाही. पलटणीची रोजनिशी वाचली. रोजनिशी गोऱ्या अधिकाऱ्यांना नावाने ओळखते, शिपायांना आकड्याने : इतके मेले, इतके जखमी, इतके बेपत्ता. रोजच्या त्या आकड्यात आपला माणूस असेल का, असे म्हणत पान उलटायचे.

पण पलटण कुठे गेली ते कळले, आणि पलटणीमागे चालत गेले की माणूसही थोडा दिसू लागतो. ११७ वी मराठा ही सहाव्या, म्हणजे पुणे डिव्हिजनची. ६ नोव्हेंबर १९१४ रोजी ही फौज शत्त-अल-अरबच्या मुखाशी फाओला उतरू लागली. त्याच महिन्यात बसरा पडले. एप्रिल १९१५ मध्ये शैबाची लढाई झाली. मग तैग्रिस नदीच्या काठाने वर, सप्टेंबरात कूट, आणि नोव्हेंबरात बगदादच्या अलीकडे टेसिफॉन. तिथे इतकी माणसे पडली की जनरल टाउनशेंडला मागे फिरावे लागले. फौज कूटमध्ये येऊन थांबली, आणि ७ डिसेंबर १९१५ पासून तुर्कांनी तिला वेढले.

कूटचा वेढा १४७ दिवस चालला. धान्य संपत आले तेव्हा घोडे आणि खेचरे कापायला लागली. आपले शिपाई ते मांस खाईनात. हिंदुस्थानातून धर्मगुरूंची संमती तारेने मागवण्यात आली, तरी पुष्कळांनी शेवटपर्यंत हात आवरला. हिरवी भाजी नाही, मांस नाही. हिरड्या सुजवणारा स्कर्व्ही हिंदी पलटणींत पसरला. विमानातून पिठाची पोती टाकून पाहिली, त्यांतली काही नदीत पडली. सोडवायला निघालेल्या फौजेचे सुमारे २३,००० लोक मेले किंवा जखमी झाले आणि तरीही ती कूटपर्यंत पोचू शकली नाही. २९ एप्रिल १९१६ रोजी टाउनशेंड शरण गेला. सुमारे १३,००० माणसे कैद झाली. टाउनशेंडला इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगला मिळाला. शिपायांना चालवत नेले : बगदाद, तिक्रित, मोसूल आणि पुढे वाळवंटातून रास-अल-ऐनकडे. तिथे बगदाद रेल्वेचे काम चालू होते आणि खोदायला हात हवे होते. त्या वाटेवर आणि त्या कामावर दोन हजारांहून अधिक हिंदी कैदी मेले.

बसऱ्याच्या स्मारकावर ४०,००० हून अधिक मृतांची गणती आहे. १९९७ साली ते मूळ जागेवरून हलवून शहराबाहेर नासिरियाच्या रस्त्यावर नेले. गोऱ्या सैनिकांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची नावे त्याच्या दगडात कोरलेली आहेत. हिंदी शिपायांचा मात्र पलटणीच्या नावाखाली आकडा आहे. नावे वेगळ्या नामावळीत लिहून ठेवली. त्या नामावळीत मला तो नंबर सापडला. नाव, बापाचे नाव, गाव, तालुका खेड, जिल्हा रत्नागिरी. गावाचे नाव इतके वाकडे लिहिले होते की ते मोठ्याने उच्चारल्यावरच ओळखू आले. तारीख ऑगस्ट १९१६ ची, आणि पुढे शेरा : युद्धकैदेत मृत्यू.

वय पंचवीस-सव्वीस असेल. माझा मुलगा आज त्याहून मोठा आहे. तरी 'पणजोबा' म्हटले की क्रियापद आपोआप आदरार्थी होते.

त्या काळच्या हिंदी फौजेला इतिहासकार स्वयंसेवकांची फौज म्हणतात. कायद्याच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. विलायतेत १९१६ साली सक्तीची भरती आली, हिंदुस्थानात ती कधीच आली नाही. शिपाई अंगठा उठवून स्वखुशीने भरती होत असे. पगार महिना ११ रुपये. वरकस जमीन, चार भाऊ, आणि पावसाळ्यानंतर एक तर मुंबईची गिरणी नाही तर पलटण, असे दोनच रस्ते समोर असताना त्यांतला एक धरला, तर त्याला स्वखुशी म्हणायचे की नाही, हे ठरवणे मला जमलेले नाही. त्याच कूटमध्ये शिशिर सर्वाधिकारी नावाचा एक सुशिक्षित बंगाली तरुण होता. बंगालच्या रुग्णसेवा पथकात तो खरोखरच आपण होऊन गेला होता. रोजनिशीची पाने फाडून बुटात लपवत त्याने ती जपली आणि पुढे 'अभि ले बगदाद' हे पुस्तक लिहिले. त्याच वाटेने चाललेल्या माझ्या पणजोबांना लिहिताच येत नव्हते. त्यांच्या स्वखुशीचा एकुलता एक पुरावा म्हणजे तो अंगठा.

इथवर शोध सरळ होता. निरपराध माणसावरचा डाग पुसला जाणार होता आणि मला त्याचे समाधान होते. पण मग आजीने पूर्वी सांगितलेली एक गोष्ट मला आठवली, आणि प्रश्न पणजोबांवरून पणजीकडे वळला.

आजी सहा-सात वर्षांची असताना आईबरोबर खेडला जात असे. बरोबर मामा असायचा. खेडला कचेरीतून "बाबाचं पैसं" मिळत. गावात पैसे दिसत, त्यामुळे बसऱ्याहून नवरा धाडतो, हा समज पक्का होई. आजी सांगायची, "जगबुडीच्या पाण्यापाशी आलो की आय कपाळ धुवायची. कुकू सगळं पुसायची. येताना तिथंच बसून पुन्हा लावायची. मी इचारलं तर म्हणायची, सायबाला कुकू चालत नाय."

आजीला त्यात काही विशेष वाटले नव्हते. साहेब म्हणजे काहीही न चालणारा माणूस. मलाही ती एक गंमत म्हणूनच माहीत होती. चकतीवरची अक्षरे वाचल्यावर तिचा अर्थ लागला. ते पैसे मेलेल्या शिपायाच्या वारसाला मिळणारी पेन्शन होती. पणजीला सगळे ठाऊक होते. कचेरीत ती विधवा म्हणून अंगठा उठवत होती आणि नदी ओलांडून सवाष्ण होऊन घरी येत होती.

हे तिने नुसत्या मायेपोटी केले असेल असे मला वाटत नाही. तेव्हाच्या हिंदू कायद्याने एकत्र कुटुंबातला पुरुष मुलगा न होता मेला, तर त्याचा हिस्सा भावांकडे जाई. विधवेला फक्त अन्नवस्त्र. पणजीला एकच मुलगी. नवरा मेला म्हटले की जमीन दिरांची. नवरा बसऱ्याला दुसरे घर करून राहिला म्हटले, तर तो नालायक खरा, पण जिवंत. आणि जिवंत माणसाचा हिस्सा कोणाला घेता येत नाही. बारा वर्षे पत्ता न लागलेल्या माणसाचा पळसाच्या पानांचा पुतळा करून क्रिया उरकतात. तसा पालाशविधी करायचे दिरांनी १९२६ च्या सुमारास काढले, तेव्हा तिने दारात आडवे बसून तो होऊ दिला नाही. म्हाताऱ्यांनी हे मला तिच्या पातिव्रत्याची खूण म्हणून सांगितले होते. पातिव्रत्य असेलही. पण त्या शेतातल्या भातावर माझी आजी वाढली आणि तिचे लग्न झाले, हेही तितकेच खरे.

आणि बसऱ्याच्या बाईची ती कथा? गावाने रचली असेल, पण खोडून काढू शकणारी एकटी पणजी होती, आणि तिने ती खोडली नाही. नवऱ्याने टाकलेली बाई म्हणून जगण्याची शरम तिने तीस वर्षांच्या वर सोसली. त्यासाठी मेलेल्या नवऱ्याचे नावही पणाला लावले. तो तिथे रेल्वेच्या कामावर उपाशी मेला होता. त्याचे नाव वापरून ती इथे मुलगी वाढवत होती. मला वाटते, त्याला विचारले असते तर त्याने हरकत घेतली नसती. त्या एका बाबतीत तरी तो खरा स्वयंसेवक ठरला असता.

गेल्या वर्षी आजीच्या माहेरच्या भाऊबंदांनी वंशावळ छापायला काढली. काम पाहणारे गृहस्थ नात्याने माझे काका लागतात; त्या दिरांपैकीच एकाचे नातू. कच्च्या प्रतीत पणजोबांच्या नावापुढे 'परागंदा (बसरा)' असे लिहिले होते. मी नामावळीतली नोंद पाठवली. काका भला माणूस. फोनवर क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, "आमच्या आज्याने फार बोल लावले गं त्यांना." त्यांनी लगेच नवी ओळ केली : '११७ मराठा पलटण. कूटच्या वेढ्यात कैद. युद्धकैदेत मृत्यू, ऑगस्ट १९१६.'

त्यानंतर त्यांनी विचारले, "मग आजीच्या नावामागे आता गं. भा. करायला हवं ना? आमच्याकडे सौ. आहे."

मी सांगितले, सौ.च राहू द्या.

"अगं, पण नवरा मेला १९१६ ला आणि ती गेली १९५१ ला. वाचणारा म्हणेल छापणाऱ्याची चूक आहे."

जमिनीची गोष्ट मी त्यांना तेव्हाच सांगितली, सगळी. त्यांच्या आजोबांचा हिस्सा त्यात होता, म्हणून त्यांना ती कळायलाच हवी होती. काका बराच वेळ ऐकत राहिले आणि शेवटी हसले. "म्हणजे आमच्या आज्याला म्हातारीने चांगलंच बनवलं म्हणायचं," ते म्हणाले.

वंशावळ छापून आली आहे. त्या पानावर नवरा १९१६ साली मेलेला आहे आणि बायको १९५१ सालापर्यंत सौभाग्यवती आहे.