बटण नसलेला चुंबक

उर्दूत चुंबकाला 'मिक़नातीस' म्हणतात. शब्द मूळचा ग्रीक, अरबीतून उर्दूत आलेला. मराठीतला 'चुंबक' संस्कृतातून आला. वर्गात मी हे दोन्ही शब्द फळ्यावर शेजारी शेजारी लिहिते. आमच्या भागातल्या मुलांना ही वस्तू पुस्तकाच्या आधीच ठाऊक असते. जालन्यात भंगार वितळवून सळया बनवणारे कारखाने आहेत. तिथे क्रेनला लटकणारा परातीसारखा मोठा चुंबक कुणाच्या तरी अब्बांनी, मामूंनी पाहिलेला असतो. तो विजेवर चालतो. बटण बंद केलं की भंगार खाली पडतं. आपण घरात आणतो त्या छोट्या चुंबकाला मात्र बटण नसतं. तो रात्रंदिवस चालूच असतो, आणि घरात लहान मूल असेल तर हे विसरून चालत नाही.

आमच्या घरी दोन फुटी फिश टँक आहे. देवगाव फाट्यावर आमच्या बोअरचं पाणी जड, त्यामुळे काचेवर पांढरा थर धरतो. त्यातच खिडकीतलं ऊन पडलं की हिरवं शेवाळ चढतं. दर आठवड्याला पाण्यात हात घालून घासायचं म्हणजे मासे घाबरतात. यावर सोपा उपाय म्हणजे दोन चुंबक. एक काचेच्या आत, एक बाहेर. बाहेरचा सरकवला की आतला त्याच्या मागोमाग काच घासत जातो.

आठवीतल्या माझ्या मुलाला हे घरीच बनवायचं होतं. पण घरात दीड वर्षाची माझी भाचीही असते, जी हातात येईल ते तोंडात घालते. आणि माझे सासरे, आमचे अब्बाजी, यांच्या छातीत पेसमेकर आहे. 'नको' म्हणणं सर्वांत सोपं होतं. पण मुलाने ते मित्राच्या घरी जाऊन केलं असतं, आणि तिथे त्याला धोका सांगायला कुणी नसतं. म्हणून मीच त्याच्यासोबत बसले.

चुंबक मिळवण्याचे तीन मार्ग. पहिला, माशांच्या दुकानातला तयार घासणी-चुंबक. तो घेताना पाकिटावर लिहिलेली काचेची जाडी बघा. काच जाड होत जाते तशी पकड झपाट्याने कमी होते. दुसरा, भंगारातला जुना स्पीकर. त्यातला काळा, बांगडीसारखा चुंबक बहुधा फेराइटचा असतो. तो कमजोर, पण पाण्यात गंजत नाही. तिसरा, संगणक दुरुस्तीच्या दुकानातली बाद हार्ड डिस्क. तिच्यात चंद्रकोरीसारखे चकचकीत चुंबक असतात, ते निओडिमियमचे. हा चुंबक 1983 मध्ये जपान आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी वेगवेगळा शोधून काढला. त्यात निओडिमियम, लोखंड आणि बोरॉन असतं. जोर विलक्षण, पण लोखंडामुळे गंजतो. वरचा निकेलचा मुलामा उडाला की काम संपलं. मुलाम्याखाली बरेचदा तांबं असतं, आणि पाण्यात उतरलेलं तांबं गोगलगायी व झिंग्यांसाठी विष ठरतं. म्हणून असा चुंबक उघडा टँकमध्ये कधीच सोडू नये. मुक्या जिवांना घरात ठेवलं की ती आपल्याकडे अमानत असते.

आम्ही हार्ड डिस्कचे दोन चुंबक घेतले. ते लोखंडी पट्टीला चिकटवलेले असतात. पट्टीपासून उचकटायचे नाहीत, कारण हा चुंबक काचेसारखा ठिसूळ असतो आणि तुकडे डोळ्यांत उडतात. त्याला भोक पाडणं किंवा घासणंही नको. त्याची भुकटी पेट घेऊ शकते. पट्टीसकट दोन्ही चुंबक साबणाच्या दोन छोट्या प्लास्टिक डब्यांत बसवले, वरून दोन भागांचा इपॉक्सी ओतला आणि पाकिटावर लिहिल्याप्रमाणे पूर्ण सुकू दिला. दोन्ही डबे एकमेकांपासून लांब, दोन वेगळ्या फळ्यांवर ठेवले. जवळ आले असते तर बोट मध्ये सापडलं असतं. आतल्या डब्याला स्पंज लावला, बाहेरच्याला मऊ कापड. आतला डबा आठवडाभर साध्या पाण्याच्या बादलीत ठेवला. गंजाचा डाग दिसला नाही, मगच टँकमध्ये गेला. त्याला नायलॉनची दोरी बांधली आहे, खाली पडला तर वर ओढायला. वाळूच्या दोन बोटं वरच थांबायचं. एक कण अडकला तरी काचेवर कायमचा ओरखडा पडतो.

हे सगळं काम गच्चीवर झालं. पेसमेकरजवळ जोरदार चुंबक आला की त्या यंत्राची चाल बदलते, म्हणून अब्बाजींच्या खोलीत चुंबक न्यायचा नाही आणि त्यांना भेटायला जाताना शर्टाच्या खिशात ठेवायचा नाही, हा नियम. अब्बाजी हसून नातवाला म्हणाले, "बेटा, तेरी मशीनसे मेरी मशीन महँगी है, जरा दूर बैठ."

आता भाचीची गोष्ट, जी प्रत्येक आईने लक्षात ठेवावी. एक चुंबक गिळला तर तो शौचावाटे निघून जाऊ शकतो. दोन गिळले, तर आतड्यांच्या वेगवेगळ्या वळणांमधून ते एकमेकांना ओढतात, मधली कातडी चिमटली जाते आणि आतड्याला भोक पडतं. सुरुवातीला फक्त पोटदुखी किंवा उलटी दिसते. आई म्हणते, काही तरी बाधलं असेल. मुलाने चुंबक गिळल्याची नुसती शंका आली तरी एरंडेल देत बसू नका, उद्याची वाट पाहू नका. एक्स-रे आणि सर्जन असलेल्या मोठ्या दवाखान्यात तडक जा आणि डॉक्टरांना 'चुंबक' हा शब्द स्पष्ट सांगा. अमेरिकेत 2022 मध्ये अशा सुट्या, जोरदार छोट्या चुंबकांच्या खेळण्यांवर सरकारने कडक नियम केला. इकडे एका दुकानात मी हरभऱ्याएवढ्या चुंबकी गोळ्यांची डबी खेळणं म्हणून मांडलेली पाहिली. डबीवर लहान मुलांबद्दल एक शब्दही नव्हता.

आमच्या टँकचे चुंबक मुद्दामच साबणाच्या डबीएवढे ठेवले आहेत. ते कुठल्याही बाळाच्या तोंडात मावत नाहीत. उरलेले सुटे चुंबक घट्ट झाकणाच्या बरणीत, कपाटाच्या वरच्या कप्प्यात. झाकणावर मुलाने आकडा लिहिला आहे: 4. दर जुम्म्याला टँक साफ झाला की तो बरणी खाली घेतो, मोजतो आणि मला सांगतो. आकडा जुळला तरच बरणी परत वर जाते. ज्या दिवशी जुळणार नाही, त्या दिवशी सगळं घर खाली बसून शोधेल, हे भाचीच्या आईलाही ठाऊक आहे. तुमच्या घरात अशी बरणी असेल तर आजच मोजून झाकणावर आकडा लिहा.