खुर्चीतून उठताना

पुष्कळ दिवसांनी लिहितो आहे. "गुरुजी, बरे आहात ना?" असे फोन आले, म्हणून हा खुलासा.

झालं असं, की खुर्चीतून उठलो की पहिली चार पावलं वाकूनच टाकावी लागायची. उसण भरली समजून तेल चोळलं, शेक घेतला, गुण नाही. एकदा तर उंबरठ्याला अंगठा अडला आणि पडता पडता वाचलो.

दिवाळीत भाची वाशिमला आली. ती फिजिओथेरपिस्ट. तिनं मला पलंगाच्या कडेला उताणं निजवलं आणि एक गुडघा छातीशी धरायला लावला. दुसरी मांडी पलंगाला टेकेचना! "मामा, दुखतंय कमरेत, पण आखडलंय जांघेत," ती म्हणाली.

मांडी पोटाकडे उचलणारे जे स्नायू, ते हिप फ्लेक्सर. त्यांतला सोआस कमरेच्या मणक्यांपासून निघतो, इलियाकस खुब्याच्या हाडाच्या आतून. दोघे एकत्र येऊन मांडीच्या हाडाला वरच्या बाजूस जोडले जातात. बसलेलं असताना ते आखूड असतात. तासन्‌तास तसेच राहिले, की उभं राहताना कमरेला पुढे ओढतात. शिवाय वापराविना दुबळे झाले, की पाऊल पुरेसं उचललं जात नाही. उंबरठ्याचं कोडं सुटलं!

"दिवसाचे किती तास बसता?" तिनं विचारलं. मोजले, दहा भरले. छत्तीस वर्षं फळ्यासमोर उभा राहिलेला माणूस मी! पण ही गेल्यापासून, गेली तीन वर्षं, खरं म्हणजे मी उठलोच नव्हतो.

आता रोज सकाळी एक गुडघा उशीवर टेकवतो, दुसरा पाय पुढे ठेवतो, पाठ ताठ ठेवून कंबर हळूच पुढे नेतो आणि तीस आकडे मोजतो. मग पाय बदलायचा. नंतर खुर्चीत ताठ बसून आळीपाळीनं गुडघे उचलायचे, म्हणजे ताकद येते. आणि दर अर्ध्या तासानं उठायचं. गंमत अशी, की सूर्यनमस्कारात एक पाय मागे नेतो तेव्हा हाच ताण बसतो. औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी ज्या सूर्यनमस्कारांचा एवढा प्रसार केला, तेच मी रथसप्तमीला शेकडो पोरांकडून घालून घेतले, स्वतः मात्र शिट्टी वाजवत उभा!

मी मराठीचा बी.ए., डॉक्टर नव्हे. ज्यांचं खुब्याचं ऑपरेशन झालंय त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं.

शेगावहून गजानन महाराजांची पालखी पंढरपूरला निघते, ती आपल्या जिल्ह्यातून, शिरपूर-रिसोडवरून जाते. आम्ही दोघं दरवर्षी तिच्याबरोबर थोडं चालायचो. तीन वर्षं खंड पडला. यंदा शिरपुरातून गावाबाहेरच्या वळणापर्यंत जायचं ठरवलंय. तेवढंच. पण ताठ चालत.