कणकुंबीच्या आभाळाखाली

मार्चमधली अमावास्या. पहाटे साडेचारला कणकुंबीच्या माउलीच्या देवळाजवळ स्टँड लावला. नुसत्या चांदण्या नव्हे, देवळासकट आकाशगंगा हवी होती. ईशान्येला बेळगावच्या दिव्यांनी आभाळ फिकटलेलं. दक्षिणेला मात्र वृश्चिक लख्ख. वीस सेकंद शटर उघडं ठेवलं. फार वेळ ठेवलं तर पृथ्वी फिरते म्हणून चांदण्यांच्या रेघा उमटतात. देऊळ काळंच येत होतं, तेव्हा बाबांनी बॅटरीचा उजेड भिंतीवरून फिरवला. मोतीबिंदू वाढल्यापासून आकाशगंगा त्यांना दिसत नाही. कॅमेऱ्याच्या पडद्यावर मोठी करून दाखवली.

“अरे, यात मी कुठाय?”

हलणारा माणूस अशा फोटोत उमटत नाही, बाबा. मग ते पायरीवर बसले, मी वीस मोजेपर्यंत श्वास रोखून.