पाळ्यांचा तक्ता

महाविद्यालयाचें वेळापत्रक लावण्याचें काम गेलीं अठरा वर्षें आमच्याकडे आहे. तें दुसऱ्या कोणास नको होतें म्हणून आमच्याकडे आलें, हें खरें. परंतु इतक्या वर्षांच्या सहवासानें त्याचा थोडासा अभिमानहि आम्हांस वाटूं लागला आहे. तर्कशास्त्राच्या प्राध्यापकांस सकाळचा पहिला तास सोसत नाहीं, संस्कृतच्या बाईंस शनिवारीं दुपारची गाडी गांठावयाची असते, आणि मोठा वर्ग म्हणून एकच, तो चार विषयांनीं वांटून घ्यावयाचा असतो. हीं सारीं कोडीं आम्ही जूनच्या पहिल्या आठवड्यांत सोडवितों आणि पुढें वर्षभर सर्वांचे शब्द ऐकून घेतों. त्यामुळें ‘वेळ जमत नाहीं’ असें कोणीं म्हटलें, कीं तो मनुष्य आळशी तरी असावा किंवा त्याची इच्छाच नसावी, असें आम्हांस मनापासून वाटत असे. ह्या समजुतीच्या भरांत आमच्या हातून आमच्या भाचीवर एक अन्याय घडला.

भाची एका मोठ्या सरकारी रुग्णालयांत परिचारिका आहे. तिची आई, म्हणजे आमची धाकटी बहीण, वारली त्याला आतां तीन वर्षें झालीं. वर्षश्राद्ध आमच्याच घरीं करावयाचें ठरलें होतें, व तिथि आम्हीं भाचीस दोन महिने आधीं कळविली होती. त्या दिवशीं पानें वाढलीं, मंडळी बसली, उठलीहि. भाचीचा पत्ता नाहीं. दुपारीं अडीच वाजतां खांद्याला पिशवी अडकविलेली, डोळे लाल झालेले, अशी ती दारांत उभी राहिली. चार पाहुण्यांदेखत आम्ही म्हणालों, “आईच्या श्राद्धालाहि तुला सुटी मिळूं नये? दोन महिने आधीं सांगितलें होतें. मागितलीच नसशील.” तिनें उत्तर केलें नाहीं. आईच्या तसबिरीला नमस्कार केला, मागच्या खोलींत जाऊन ती भिंतीशीं टेकली, आणि बसल्या बसल्या तिला झोंप लागली. ती झोंप पाहून तर आमचा राग दुप्पट झाला.

गेल्या पावसाळ्यांत पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेसाठीं आम्हांस एका धर्मादाय रुग्णालयांत जावें लागलें. जखम चिघळली, आणि चार दिवसांचे अकरा दिवस झाले. तीस खाटांचा वॉर्ड; आमची खाट नेमकी सिस्टरांच्या टेबलाजवळ. वाचण्याइतकी शक्ति नव्हती. पाहण्याइतकी मात्र होती. सकाळची पाळी आठ ते दोन, दुपारची दोन ते आठ, आणि रात्रीची आठापासून दुसऱ्या दिवशींच्या आठापर्यंत, अखंड बारा तास. पाळी बदलतांना जाणारी व येणारी अशा दोघी खाटेखाटेशीं उभ्या राहत. सात नंबरला सलाईनची कितवी बाटली, बारा नंबरचें इंजेक्शन किती वाजतां, एकोणीस नंबरनें दुपारपासून लघवी केलेली नाहीं, अमक्याचा मुलगा पैसे आणावयास गांवीं गेला आहे. सारें एकीच्या तोंडून दुसरीच्या वहींत जाई. हें झाल्याशिवाय पहिलीला वॉर्ड सोडतां येत नसे. आमच्या वर्गांत तास संपल्याची घंटा झाली कीं आम्ही वाक्य अर्ध्यावर टाकून बाहेर पडतों, व येणारा प्राध्यापक दारांत भेटला तर हवापाण्याच्या गोष्टी बोलतों.

सातव्या दिवशीं मुख्य सिस्टर पुढच्या आठवड्याचा तक्ता आंखीत बसल्या होत्या. आम्हीं आपली अठरा वर्षांची कीर्ति त्यांस सांगितली. त्या हसल्या व कागद आमच्या पुढें सरकवून म्हणाल्या, “मग सर, हा एवढा लावून द्या.”

हिशेब सोपा दिसला. सकाळीं तिघी, दुपारीं दोघी, रात्रीं दोघी. रोज सात, आठवड्याच्या एकोणपन्नास पाळ्या. प्रत्येकीनें सहा दिवस काम करावयाचें, म्हणजे निदान नऊ जणी हव्यात, आणि त्याहि कधीं आजारी न पडणाऱ्या. मंजूर जागा दहा होत्या. हजर मात्र सात: एकजण पुढच्या शिक्षणासाठीं गेलेली, एक जागा कित्येक महिने रिकामीच, आणि एक बाळंतपणाच्या रजेवर. ही रजा २०१७ सालच्या दुरुस्तीनें सव्वीस आठवड्यांची झाली, हें उत्तमच झालें. पण त्या सव्वीस आठवड्यांत तिच्या खाटांपाशीं कोण उभें राहणार, ही चिंता कायदा करीत नाहीं. रजा व सुट्या धरून शेंकडा तीस माणसें अधिक ठेवावीं, असें भारतीय परिचर्या परिषदेचें मान आहे. तें कागदावर आहे. सात जणींच्या सहा सहा पाळ्या म्हणजे बेचाळीस. सात पाळ्या उरतात, म्हणजे रोज एक बाई कमी. ती बहुधा रात्रींच कमी होई, आणि तीस रोग्यांमध्यें एकच सिस्टर बारा तास फिरतांना आम्ही पाहत असूं, तिचें कारण तेव्हां समजलें.

पुढें नियम होते. रात्रीच्या लागोपाठ दुपारची पाळी द्यावयाची नाहीं. नवी पास झालेली मुलगी रात्रीं एकटी ठेवावयाची नाहीं. कोंकणांतल्या दोघींस गणपतीला एकदमच जावयाचें होतें. केरळांतली एक सिस्टर महिन्याच्या सुट्या साठवीत होती, कारण तिच्या घरीं जाण्यायेण्यांतच चार दिवस मोडतात. आम्हीं दोन तास खपून तक्ता सिद्ध केला. सिस्टरांनीं त्यावरून बोट फिरविलें आणि म्हणाल्या, “सर, शुक्रवारीं दुपारीं वॉर्डांत कोणीच नाहीं.” दुसऱ्या खेपेस शुक्रवार भरला, पण एका बाईस सलग तेरा दिवस काम लागलें. तिसरा कागद आम्हीं मागितला नाहीं.

आमचे गणिताचे स्नेही समाचारास आले असतां त्यांस हें सांगितलें. ते म्हणाले, सात जणी, सात दिवस, आणि दर दिवशीं तीन पाळ्या किंवा सुटी असे चार पर्याय धरले, तर मांडण्यांची संख्या तीस अंकी होते. हा प्रश्न त्यांच्या शास्त्रांत अत्यंत अवघड वर्गांत गणला जातो, व त्यावर पंडितांनीं अर्धशतकाहून अधिक काळ डोकें चालविलें आहे. आम्हांस थोडें बरें वाटलें. परंतु सिस्टरांनीं तोच तक्ता चहा थंड होण्याच्या आंत पुरा केला होता. कसा, तें विचारलें. त्या म्हणाल्या, “उरलेल्या पाळ्यांत दोन मीच उभी राहतें, आणि बाकीच्या त्यांच्या सुटींतून काढतें.”

सुटी म्हणजे काय, हेंहि तेथेंच कळलें. रविवारीं सकाळीं आठ वाजतां रात्रपाळी संपते, आणि तोच रविवार सुटीचा म्हणून मांडतात. बाई घरीं जाऊन झोंपते. जागी होते तों दिवे लागलेले असतात. सोमवारीं दोन वाजतां पुन्हा हजर. हे तीस तास झाले. आठवड्याची विश्रांति सलग छत्तीस तासांहून कोणत्याहि परिस्थितींत कमी असूं नये, अशी शिफारस आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनें परिचारिकांसाठीं १९७७ सालींच केली आहे. आणि रात्रपाळीचें काम कर्करोगास बहुधा कारण होतें, असें जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनें २००७ सालीं ठरविलें व २०१९ सालीं पुन्हा पाहून कायम केलें. पुण्याच्या सेवासदनांतून रमाबाई रानडे यांनीं मुली परिचारिकेच्या शिक्षणास धाडल्या, तेव्हां रात्रीं घराबाहेर राहणाऱ्या बाईविषयीं लोक काय बोलत, तें आमच्या आजीच्या तोंडून आम्हीं ऐकलें आहे. तें बोलणें आतां थांबलें. रात्र तेवढी राहिली.

नवव्या दिवशीं भाची भेटीस आली. तिनें आधीं आमचा तापाचा कागद पाहिला, मग टेबलावरचा तक्ता पाहिला, आणि म्हणाली, “सातच जणी? आमच्याकडेहि असेंच.” श्राद्धाच्या दिवसाचें आम्हीं तेव्हां विचारलें, एरवीं विचारण्याचें धैर्य झालें नसतें.

ती सहज सांगूं लागली. सुटी मागितली होती, मिळालीहि होती. आदल्या रात्रीची पाळी तिनें आपण होऊन घेतली होती, कीं सकाळीं आठाला सुटावें व न झोंपतां सरळ आमच्याकडे यावें. आठाला जिनें यावयाचें तिचें मूल तापानें फणफणलेलें. ती आली नाहीं. दुसरी बाई मिळेपर्यंत दोन वाजत आले. “वॉर्ड कोणाच्या हातीं द्यायचा, मामा? आणि तिला तरी काय म्हणायचें?”

अठरा तास. आम्हीं तेवढ्यापुरती बेरीज केली. त्या दिवशींचें आमचें बोलणें तिनें काढलें नाहीं, आणि आम्हीं क्षमा मागितली ती इतक्या अडखळत, कीं तिनें आम्हांस पाणी प्यावयास दिलें.

यंदा बहिणीची तिथि भाचीच्या रात्रपाळीच्या आठवड्यांत आली. आम्हीं गुरुजींस भीत भीत विचारलें, कीं पानें जरा उशिरां वाढलीं तर चालतील काय? ते म्हणाले, “अहो, श्राद्धाचा काळ अपराह्णच. अकराला उरकण्याची घाई तुम्हां लोकांची.” तेव्हां तीनची वेळ ठरली. भाची आठाला सुटली, घरीं जाऊन चार तास झोंपली, आणि अडीचला आली. खिरीचें पातेलें तिनेंच उतरविलें. सहा वाजतां तिला निघावयाचें होतें, म्हणून घरांतील मंडळींनीं तिचा रात्रीचा डबा आधींच भरून ठेवला होता.