अदृष्ट भय

मराठी भाषेने कुत्र्याला कधी चांगले वागवलेले नाही. ज्याची पत गेली त्याला कुत्रे विचारीत नाही. ज्याचा शेवट वाईट झाला तो कुत्र्याच्या मौतीने मरतो. आणि ज्याचा स्वभाव सुधारत नाही त्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच. देवांनी मात्र त्याला जवळ केले. दत्ताच्या पायांशी चार कुत्री बसलेली असतात, खंडोबाच्या घोड्याबरोबर एक धावत असते, आणि पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले, ही कथा तर घरोघरी ठाऊक आहे. भाषेने हाकलायचे आणि देवाने जवळ घ्यायचे, असा हा प्राणी आहे.

एकोणीस वर्षे महाविद्यालयात मराठी शिकवताना या म्हणी मी फळ्यावर कितीदा लिहिल्या असतील! पण हल्ली ‘भुंकणारे कुत्रे चावत नाही’ ही म्हण आली की हातातला खडू क्षणभर थांबतो. म्हण खोटी नाही. आमच्याकडे जो चावला तो भुंकला नव्हता. आणि ज्याला चावला त्याला भुंकायला सवडच मिळाली नाही.

आमच्या कुत्र्याचे नाव चिमण. चिं. वि. जोशींचा चिमणराव माझ्या मुलाने सहावीच्या सुट्टीत वाचला, आणि त्याच आठवड्यात हे हडकुळे, पावसात भिजलेले गावठी पिल्लू घरी आणले. प्रेशर कुकरची शिटी झाली तरी ते पलंगाखाली जाई, तेव्हा दुसरे नाव सुचणेच शक्य नव्हते. पलीकडच्या बंगल्यातला शेरू म्हणजे त्याच्या बरोबर उलट. जातिवंत अल्सेशियन, छाती भरलेली, चाल फौजदाराची. शेरूचे मालक निवृत्त गृहस्थ. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो आणि त्यांच्या पत्नीला काकू. आमच्या दोन घरांमध्ये कमरेएवढी भिंत आहे, आणि तिच्यावरून गेली अनेक वर्षे कढीलिंब, कोकम, थर्मामीटर आणि फराळाचे डबे जात-येत होते.

गेल्या वर्षी मार्गशीर्षात, दिवेलागणीला मी चिमणला फिरवून आणीत होते. अण्णांचे फाटक उघडे होते. पुढचे मला सलग आठवत नाही. एक तपकिरी धक्का, हातातून खेचली गेलेली साखळी, आणि माणसाच्या मुलासारखे रडणे. शेरूने त्याची मान धरली होती आणि तो ती हलवीत होता. कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मावशींनी भाजीवर शिंपडायच्या पाण्याची बादली शेरूच्या तोंडावर उपडी केली, तेव्हा पकड सुटली. त्या म्हणाल्या, “हात घालू नका ताई, तो आता कुणाला वळखायचा नाही.” इतका शहाणा सल्ला इतक्या योग्य वेळी मला क्वचितच मिळाला आहे.

जनावरांचे डॉक्टर तरुण होते. मानेवर मला दोन बारीक भोके दिसत होती. वाटले, थोडक्यात निभावले. डॉक्टरांनी केस भादरले आणि म्हणाले, “चावा वर दिसतो त्याच्या कितीतरी पट आत असतो, मॅडम.” कुत्र्याचा सुळा आत शिरतो आणि मग ते मान झटकते, कातडी सैल असल्यामुळे वर छिद्रच राहते, पण खाली ती मांसापासून सुटून येते. त्या पोकळीत केस, लाळ, माती जाते आणि पू धरतो. म्हणून त्यांनी जखम लगेच शिवून बंद केली नाही. सलाइनने ती पुन्हा पुन्हा धुतली, आतला स्राव वाहून जावा म्हणून बारीक नळी ठेवली, आणि गळ्याभोवती नरसाळ्यासारखा प्लॅस्टिकचा पट्टा बांधला. रेबीजची लस त्याला दर वर्षी दिलेली होती, तरी एक डोस पुन्हा दिला. माझ्या मनगटावर एक ओरखडा होता. रक्त आले नव्हते. तो साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवायला लावून त्यांनी मला दवाखान्यात पिटाळले. आईने विचारले, “पोटात चौदा?” तिच्या तरुणपणी तसेच होते. आता ती इंजेक्शने दंडात देतात, आणि संख्याही कमी आहे.

“त्या कुत्र्याच्या लसीचा दाखला बघून घ्या,” डॉक्टर म्हणाले, “आणि दहा दिवस त्याच्यावर लक्ष ठेवायला सांगा.” चावलेले कुत्रे दहा दिवस धडधाकट राहिले, तर चावण्याच्या वेळी त्याच्या लाळेत रेबीज नव्हता असे समजतात.

मी अण्णांकडे गेले. दाखला त्यांनी दाखवला. तो अगदी व्यवस्थित होता. मग चश्मा पुसत म्हणाले, “आमचा शेरू तसा नाही. तुमचाच काहीतरी खोडी काढत असेल.”

चिमण खोडी काढणार! मी काही न बोलता परत आले. आणि भिंतीवरची वाहतूक बंद झाली.

जखम पाच आठवड्यांत भरली. मला वाटले, संपले. पण चिमण फाटकाबाहेर पाऊल टाकीना. उंबऱ्यापर्यंत यायचा, वाऱ्याचा वास घ्यायचा आणि मागच्या पायांवर बसून थरथरायचा. घरातले सगळे म्हणत, “विसरेल हो, मुके जनावर ते.” मुकी जनावरे विसरतात, हा आपण स्वतःच्या सोयीसाठी काढलेला शोध असावा. पाव्हलॉव्हच्या कुत्र्यांची घंटा आपल्याला ठाऊक असते, पूर ठाऊक नसतो. सप्टेंबर १९२४ मध्ये लेनिनग्राडला मोठा पूर आला आणि प्रयोगशाळेतली कुत्री पाण्यात सापडली. ती वाचवली गेली, पण शिकलेले धडे काही कुत्री पार विसरून गेली. पुष्कळ दिवसांनी ती ताळ्यावर आली, तेव्हा पाव्हलॉव्हने एका कुत्र्याच्या खोलीत दाराखालून थोडेसे पाणी वाहू दिले. एवढेसेच पाणी, पण त्या कुत्र्याच्या लेखी पूर पुन्हा आला.

आमचा पूर फाटकाच्या कडीच्या आवाजात होता. अण्णांकडे कडी वाजली की चिमण पलंगाखाली जाई. आणि खरे सांगायचे तर माझ्याही छातीत धडधडे. मुलगा रात्री दोनदा उठून चिमणवर हात ठेवून बघे. एका कुत्र्याला चावा बसला होता, आणि घरातली चारही माणसे त्या चाव्याने दचकून उठत होती.

त्याच सुमारास महाभारताचा आरंभ मी मुलाला वाचून दाखवीत होते. स्वर्गाच्या दारी युधिष्ठिराबरोबर गेलेला कुत्रा सर्वांना आठवतो. आरंभीचा कुत्रा कोणाच्या लक्षात राहत नाही. कुरुक्षेत्रावर जनमेजयाचे सत्र चालू असते. तिथे देवांच्या कुत्रीचे, सरमेचे पिल्लू येते, आणि राजाचे भाऊ त्याला बडवून काढतात. ते रडत आईकडे जाते. तीही प्रथम हेच म्हणते, की तुझ्या हातून काही अपराध घडला असेल. पिल्लू सांगते, हवीकडे मी पाहिलेसुद्धा नाही, चाटणे दूरच. मग सरमा सत्रात जाऊन विचारते, माझ्या निरपराध मुलाला का मारलेत? आणि तिला कोणी उत्तरच देत नाही. तेव्हा ती शाप देते, की न दिसणारे भय तुमच्यावर येईल.

वाचता वाचता मी थांबले. मुलगा म्हणाला, “आई, शाप मारणाऱ्यांना लागला, आपल्याकडे मार खाणाऱ्यालाच लागलाय.” त्या मुलाने एका वाक्यात आमचा आजार सांगितला. अदृष्ट भय! दिसणाऱ्या शेरूला साखळी घालता येते. न दिसणाऱ्याला कशी घालणार?

डॉक्टरांना विचारले, तर ते म्हणाले, “ओढू नका आणि कुरवाळत घरातही बसवू नका. जिथवर तो खातो, तिथवर त्याची हद्द.” भ्यालेले कुत्रे खात नाही, म्हणून त्याने तुकडा घेतला की समजायचे, इथवर भय आटोक्यात आहे. तिथे थांबायचे, खाऊ घालायचे आणि परतायचे. दुसऱ्या दिवशी दोन पावले पुढे. साखळी ताणायची नाही, कारण धरणाऱ्याचा हात आखडला की कुत्र्याला ते लगेच कळते. म्हणजे आधी मला माझा हात सैल सोडायला शिकायचे होते.

मी खिशात उकडलेल्या अंड्याचे तुकडे घेऊन निघू लागले. आठवडाभर उंबरा, मग फाटक, मग विजेचा खांब. एके दिवशी लांबून कुत्रे भुंकले आणि आम्ही खांबावरून पुन्हा उंबऱ्यावर आलो. परीक्षेचे पेपर तपासताना जी चिकाटी मला कधी साधली नाही, ती या कामी साधली. चैत्रात गुढी उभारली त्या दिवशी चिमण कोपऱ्यावर भाजीवाल्या मावशींपर्यंत गेला. त्यांनी त्याला एक गाजर दिले. ते त्याने खाल्ले नाही. पण तोंडात धरून घरापर्यंत आणले.

अण्णांवरचा राग मात्र अंड्याच्या तुकड्यांनी कमी होईना. मला भरपाई नको होती. सरमेला तरी काय हवे होते? एक उत्तर! ‘चुकले’ एवढा शब्द. तो आला नाही.

ज्येष्ठात एका सकाळी अण्णांकडे वेल्डर आला. फाटकाला स्प्रिंग बसली. आता ते आपोआप मिटते. अण्णा भर उन्हात छत्री धरून उभे होते. काही दिवसांनी काकू मंडईत भेटल्या आणि इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर म्हणाल्या, “हे आता पहाटे पाचला नेतात हो शेरूला. तोंडाला मुसके घालून. तुमचा चिमण बाहेर पडायच्या आत परततात.” त्यांचे गुडघे दुखतात हे मला ठाऊक आहे. त्या गुडघ्यांनी ते रोज अंधारात निघतात. काही माणसांच्या तोंडून शब्द निघत नाही. तो असा पायांतून निघतो.

माझा राग यामुळे सगळा गेला, असे लिहिले तर ते खरे होणार नाही. चिमणही पूर्वीचा झालेला नाही. शेरूच्या घरापाशी आला की तो आपण होऊन रस्त्याच्या पलीकडच्या कडेला जातो, फाटकाकडे एकदा बघतो आणि शेपूट ना वर ना खाली, अशी मध्येच ठेवून चालत राहतो. याला कोणी भित्रेपणा म्हणेल. मला ते शहाणपण वाटते. भय गेलेले नाही. फक्त त्याची जागा ठरली आहे, आणि उरलेला रस्ता मोकळा झाला आहे. माझेही अण्णांशी सध्या तसेच चालले आहे.

यंदा भाजणी नेहमीपेक्षा किलोभर जास्त दळून आणली आहे. अण्णांना चकली आवडते. डबा भिंतीवरूनच देईन. फाटकापर्यंत जायला मला अजून थोडे दिवस लागतील.