पाखराचे दप्तर

आमच्या शाळेत दप्तरांचे वजन करण्याचा सोहळा अधूनमधून होतो. दप्तर मुलाच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाहून जड नको, असा नियम आहे. काटा 'ठीक' म्हणतो आणि मूल पूर्वीसारखेच वाकून घरी जाते!

परवा मी वर्गात अमूर ससाण्याची गोष्ट सांगत होतो. पक्षी जेमतेम दीडशे ग्रॅमांचा. २०१३ साली नागालँडात अशा तिघांच्या पाठीवर पाच-पाच ग्रॅमांची, उन्हावर चालणारी यंत्रे बांधली. नावे ठेवली नागा, वोखा आणि पांगती. आपले आकाशकंदील अजून उतरले नसतात, त्या दिवसांत हे पक्षी भारत ओलांडून, अरबी समुद्रावरून आफ्रिका गाठतात. उपग्रहाने तो सारा माग दाखवला.

"गुरुजी, त्याला ते टोचत नसेल?" मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले.

"छे! यंत्र पक्ष्याच्या वजनाच्या तीन ते पाच टक्क्यांच्या आत असावे, असा संकेत आहे," मी ऐटीत म्हणालो, आणि तेवढ्यात मला आमचा काटा आठवला.

घरी येऊन वाचत बसलो. वजन ही अर्धीच गोष्ट. पाठीवरचा उंचवटा वारा अडवतो, पट्टे पिसांना घासतात, उडायला जास्त शक्ती लागते. राजा पेंग्विनच्या पंखाला तर नुसती धातूची पट्टी बांधत. क्रोझे बेटांवर दहा वर्षे मोजदाद केली, तेव्हा कातडीखाली फक्त बारीकशी चिप असलेल्यांपेक्षा पट्टीवाल्यांना ३९ टक्के पिल्ले कमी झालेली आढळली. २०११ साली हा हिशेब प्रसिद्ध झाला. पाखरू तक्रार करीत नाही. तिची नोंद रिकाम्या घरट्यात होते.

मग यंत्रे फेकून द्यावीत? तसेही म्हणवत नाही. २०१२ साली दोयांग जलाशयाकाठी हेच ससाणे जाळी लावून हजारोंनी मारले गेले. पुढच्याच वर्षी गावकऱ्यांनी शिकार थांबवली. आपल्या गावाचे नाव घेऊन उडणाऱ्या 'पांगती'ची वाट पाहणारे गाव त्याच्यासाठी जाळे कसे लावील?

दुसऱ्या दिवशी त्या मुलीला म्हणालो, "टोचत असेल, पोरी. म्हणून ज्याने बांधले, त्याने विचारणे थांबवू नये."

मग तिचे दप्तर उचलून पाहिले. काट्याच्या हिशेबात ते नियमातच होते. माझा हात मात्र खाली ओढला गेला.